उष्टी बाटली परत बाटली कशी होते?

मागच्या महिन्यात मिरजेहून येताना कोल्ड्रिंकची एक बाटली घेतली होती, अर्धी राहिली म्हणून घरी आणली आणि ती आईच्या हातात पडली. आईला कुठल्याही पुड्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्यायची सवय आहे, तिनं मला वाचायला लावलं. मी वाचून सांगितलं की ही बाटली जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून बनवलीय. झालं. "म्हंजे काय रं, कुणीतरी तोंड लावून टाकलेली बाटली परत आपल्या तोंडाला? उष्टी?" आणि राहिलेलं कोल्ड्रिंक मोरीत.

मला हसू आलं पण नंतर वाटलं प्रश्न बरोबर आहे की. मी स्वतः कुपवाड एमआयडीसीत बाटल्या फुगवायच्या मशीनवर चार वर्षं काढलीत, तरी आईला दोन वाक्यात सांगता येईना. आणि हे आता सगळ्यांनाच दिसणार आहे, कारण केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक कचऱ्याचे नियम बदलले त्यात असं आलं की बाटल्या-डब्यांसारख्या कडक प्लास्टिक पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के माल रिसायकलचा पाहिजे, मग दरवर्षी दहा-दहा टक्के वाढवत २०२८-२९ ला ६० टक्के. कोका-कोलानं तर २०२३ मध्येच शंभर टक्के रिसायकलच्या बाटल्या भारतात आणल्या होत्या. म्हणजे आज ना उद्या ही "उष्टी" बाटली तुमच्याही घरी येणार. तर जरा निवांत बसून बघू.

## आधी तळाचा त्रिकोण

व्हॉट्सॅपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो, बाटलीच्या तळाला त्रिकोणात १ असेल तर ती एकदाच वापरायची, ५ असेल तर पाच वेळा वगैरे. साफ खोटं. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, बाकी काही नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं हे आकडे काढले ते वेगळं करणाऱ्याला जात ओळखता यावी म्हणून. १ म्हणजे पेट, आपली पाण्याची, कोल्ड्रिंकची, गोडेतेलाची आरपार दिसणारी बाटली. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पू, फिनेल, औषधफवारणीचे कॅन असलं दुधट प्लास्टिक. ५ म्हणजे पीपी, आपले टिफिनचे डबे. ७ म्हणजे "बाकीचे सगळे", त्याला वेगळा आकडा उरला नाही म्हणून. या लेखात मुख्य काम पेटशी आहे, भंगारवाले त्यालाच सरसकट "बिसलेरी" म्हणतात मग कंपनी कुठलीही असो.

## शेवया आणि लिमलेटची गोळी

प्लास्टिक म्हणजे नेमकं काय हे कळायला दोनच गोष्टी लक्षात ठेवा, दोन्ही स्वयंपाकघरातल्या आहेत.

पहिली शेवई. कुठलंही प्लास्टिक आतून बघितलं तर ते शेवयांच्या गुंत्यासारखं असतं, रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकीत अडकलेल्या. बाटलीच्या पेटमध्ये एका साखळीत साधारण शंभर-सव्वाशे कड्या असतात. शेवया लांब असल्या तर गुंता घट्ट बसतो, ओढला तरी सुटत नाही. त्याच शेवयांचा चुरा झाला तर? बोटानं दाबलं की मोकळा. बाटली टिकणार की तडकणार हे बरंचसं या लांबीवर ठरतं. कारखान्यात ही लांबी मोजतात त्याला आयव्ही म्हणतात, दाणा रसायनात विरघळवून ते किती चिकट वाहतं यावरनं काढलेला आकडा आहे तो. बाटलीला ०.७२ ते ०.८४ च्या आसपास लागतो, कापडाच्या धाग्याला ०.६ च्या थोडं वर असला तरी चालतं. हा फरक पुढं लागणार आहे, विसरू नका.

दुसरी लिमलेटची गोळी. साखरेचा पाक झटकन गार केला की काचेसारखी आरपार गोळी होते. तीच साखर सावकाश जमू दिली तर खडीसाखर, पांढरी, खडे खडे. साखर तीच हो, फक्त रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळाला की नाही एवढाच फरक. पेटचंही डिट्टो असंच आहे. वितळलेलं पेट हळू गार केलं तर पांढरं आणि ठिसूळ होतं, झटकन गार केलं तर काचेसारखं. म्हणून पाण्याची बाटली आरपार दिसते यात रंगाचा काही संबंध नाही, ती सगळी घाईची कमाल आहे.

## आधी चंबू, मग बाटली

आता कारखान्यात. पेटचा दाणा येतो साबुदाण्यासारखा. तो दोन गोष्टींपासून बनतो, एक पीटीए नावाची पांढरी पावडर आणि दुसरं ग्लायकॉल, दोन्हीचं मूळ बहुतेक करून खनिज तेलात. यापासून १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पहिल्यांदा धागा काढला, म्हणजे आपला टेरिलीनचा शर्ट आणि पाण्याची बाटली ही सख्खी भावंडं आहेत आणि शर्ट थोरला. बाटलीचं पेटंट बरंच नंतर, १९७३ ला, नॅथॅनिएल वायथ या डुपाँटच्या इंजिनिअरच्या नावावर.

दाणा आला की लगेच वितळवत नाहीत, आधी तो वाळवतात. १६०-१७० अंशाच्या गरम कोरड्या हवेत चार-सहा तास. मी नवीन होतो तेव्हा मला हा येडेपणा वाटायचा, हाताला तर दाणा खडखडीत कोरडा लागतो. पण पेट हवेतली ओल पितं आणि वितळताना ती ओल साखळ्या कचाकचा तोडते. म्हणून एका टनात ५० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी राहू द्यायचं नाही असा हिशोब असतो. टनात ५० ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा कप! जुलैत कृष्णेला पाणी चढलेलं असताना, भिंती ओल्या, अंथरूण दमट, तेव्हा ड्रायर बिघडला की अख्ख्या शिफ्टचा माल भंगार, आणि दिसायला कळतही नाही, बाटली पडली की तडकते तेव्हा कळतं.

वाळलेला दाणा २८० अंशाच्या आसपास वितळवून थंडगार साच्यात दाबतात, साच्याच्या भिंतीत बर्फासारखं पाणी फिरत असतं (लिमलेटची गोळी आठवा). बाहेर पडतो तो प्रीफॉर्म. टेस्टट्यूबसारखा जाडजूड चंबू, वर झाकणाचे आटे आधीच तयार. हा बघितला तर कुणाला वाटणार नाही यातनं एक लिटरची बाटली निघेल. सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी छोट्या पाण्याच्या प्लँटवाल्यांकडे बाटल्या येत नाहीत, प्रीफॉर्मची पोती येतात, आणि ते तिथंच फुगवतात. कारण सरळ आहे, रिकामी बाटली ट्रकमधनं नेणं म्हणजे हवेचं भाडं भरणं.

फुगवणं म्हणजे ब्लोइंग. चंबू दिव्यांच्या धगीवर शंभर अंशाच्या आसपास गरम करायचा, वितळेल इतका नाही, नुसता लवचिक होईल इतका. मग साच्यात धरून आतनं एक सळई खाली ढकलते, चंबू लांब होतो, आणि लगेच हवा मारली की तो साच्याच्या भिंतीला जाऊन चिकटतो. हवेचा दाब किती? मोटारीच्या टायरात ३२-३५ पीएसआय भरतो आपण, इथं मोठ्या मशीनला चारशे-पाचशे. आवाज ऐकला नसेल तर सांगून उपयोग नाही, पहिले आठ दिवस मी प्रत्येक वेळी दचकायचो.

गंमत अशी की या ओढाताणीतच बाटलीला ताकद येते. गुंतलेल्या शेवया ओढल्यामुळं विंचरल्यासारख्या एका दिशेनं लागतात, लांबीतही आणि घेरातही. म्हणून नुसती पाव मिलिमीटरच्या आसपासची भिंत लिटरभर पाणी पेलते. आता कुणी म्हणेल साखळ्या रांगेत बसल्या तर खडीसाखरेसारखं पांढरं व्हायला पाहिजे ना? बसतातच रांगेत, पण ओढून बसलेले खडे इतके बारीक असतात की उजेड त्यांच्यातनं सरळ जातो.

घरी बघायचं असेल तर रिकाम्या बाटलीत उकळतं पाणी ओता, मोरीत धरून आणि हात सांभाळून. बाटली वेडीवाकडी आक्रसते. साधारण ७५ अंशाला पेट ढिलं पडतं आणि ओढलेल्या साखळ्या परत गोळा व्हायला बघतात, चंबूची आठवण येते म्हणा तिला. गळा मात्र तितका आक्रसत नाही, कारण गळा फुगवलेलाच नसतो, तो चंबूचा जसाच्या तसा राहिलेला असतो.

## शाम्पूच्या बाटलीखाली रेघ का असते

बाटली उलटी करून बघा. पाण्याच्या बाटलीच्या तळाला मधोमध टिंब असतं, तिथनं चंबूत प्लास्टिक शिरलं होतं. शाम्पूच्या नाहीतर फिनेलच्या बाटलीला तिथं सरळ रेघ असते. तिथं चंबूबिंबू काही नाही, एचडीपीईची गरम नळी वरनं लोंबत खाली येते, साचा दोन्हीकडनं येऊन तिला चिमटतो आणि आत हवा. चिमटलेली जागा म्हणजे ती रेघ. पद्धत वेगळी, प्लास्टिक वेगळं, म्हणून भंगारातही वाट वेगळी. कोल्ड्रिंकच्या बाटलीला खाली पाच पाय असतात तेही शोभेचे नाहीत, गॅसच्या दाबानं सपाट तळ फुगून बाटली डुलायला लागली असती.

## भंगारात गेल्यावर

भंगारवाल्याकडनं माल मोठ्या गोदामात जातो, तिथं बायका बसून हातानं निवडतात, पांढरी वेगळी, हिरवी वेगळी, तेलाची वेगळी. पांढरी म्हणजे रंग नसलेली. तिलाच चांगला भाव. हिरव्याला कमी, कारण हिरव्यापासून परत हिरवंच नाहीतर काळं होतं, पांढरं होत नाही. कंपन्यांनी हिरव्या बाटल्या काढायच्या बंद केल्या तर निम्मं काम सोपं होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं, पण बाटली दुकानात उठून दिसायला पाहिजे ना.

मग दाबून गठ्ठे. गठ्ठे रिसायकलिंगच्या कारखान्यात फोडतात, लेबलं सोलतात, मोठ्या प्लँटमध्ये कॅमेऱ्यासारखं एक यंत्र प्रत्येक तुकड्यावर न दिसणारा उजेड टाकून प्लास्टिकची जात ओळखतं आणि नको ते हवेच्या फुंकरीनं उडवून लावतं. मग दळतात. नखाएवढे तुकडे होतात, त्याला फ्लेक्स म्हणतात. ते कॉस्टिक सोडा घातलेल्या ८० अंशाच्या वर तापलेल्या पाण्यात घुसळून धुतात, डिंक, साखर, तेल सगळं निघतं.

आता झाकणं. लोक विचारतात झाकण काढून द्यायचं का लावून. लावूनच द्या. झाकण पेटचं नसतं, एचडीपीई नाहीतर पीपीचं असतं, आणि ते पाण्यापेक्षा हलकं. पेट पाण्यापेक्षा जड, लिटरभर आकाराचं पेट १.३८ किलो भरतं. दळलेला सगळा माल पाण्याच्या टाकीत टाकला की झाकणं वर तरंगतात, पेट बुडतं. आपण हरभरे पाण्यात टाकून पोचट वर काढतो की नाही, तसं. युरोपात तर २०२४ पासून झाकण बाटलीला जोडलेलंच पाहिजे असा कायदा आहे, म्हणजे सुटं झाकण गटारात जाणार नाही.

या टाकीला एकच चोर सापडत नाही, पीव्हीसी. काही बाटल्यांच्या आवळून बसवलेल्या लेबलात ते असतं. वजन जवळजवळ पेटएवढंच, त्यामुळं तेही बुडतं. आणि पेट वितळायच्या तापमानाला पीव्हीसी जळून आम्ल सोडतं, ते साखळ्या तोडतं, माल पिवळा-काळा पडतो. टनात मूठभर सापडलं तरी नुकसान.

## पण उष्टं ते उष्टंच ना?

इथं आईचा खरा मुद्दा आहे. धुतलं तरी आत काही राहत असेल तर?

टिफिनचा डबा बघा. सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, हळदीच्या भाजीचा डाग डब्यात असा मुरतो की राखेनं घासा नाहीतर कशानं. म्हणजे प्लास्टिक वरवर चिकट होत नाही, ते आत पितं. पेट पीपीपेक्षा बरंच कमी पितं, पण पितं. तोंड लावलं, थुंकी लागली, साखरेचं पाणी राहिलं, हे काहीच नाही, ८० अंशाच्या सोड्यात आणि नंतर २८० अंशाच्या वितळण्यात कुठला जंतू जगतो? जंतूंची काळजी करूच नका. काळजी असते ती आत मुरलेल्या गोष्टींची. कुणी रॉकेल ठेवलेलं असतं, कुणी थिनर. आपल्याकडं तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचं औषध मोठ्या कॅनमधनं थोडं थोडं पाण्याच्या बाटलीत ओतून रानात न्यायची सवय आहे. ती बाटली सोड्यानं धुऊन पूर्ण साफ होत नाही.

म्हणून अन्नाच्या बाटलीसाठी आणखी एक पायरी असते आणि सगळी करामत तिथंच आहे. धुतलेला माल वितळवून, गाळून परत दाणा करतात आणि तो दाणा २०० अंशाच्या आसपास व्हॅक्युममध्ये, म्हणजे हवा ओढून काढलेल्या भांड्यात, कित्येक तास ठेवतात. वितळत नाही, नुसता तापत राहतो. एका दगडात दोन पक्षी. आत मुरलेलं रॉकेल, वास, औषध वाफ होऊन बाहेर येतं आणि पंप ते ओढून घेतो. आणि तुटलेल्या साखळ्यांची टोकं एकमेकांना परत जोडली जातात, जोडताना सुटणारं पाणी आणि ग्लायकॉल पंपच ओढून नेतो म्हणून जोड टिकतो. शेवयांच्या चुऱ्याची परत लांब शेवई! कणिक न मळता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खोटं वाटलं होतं.

हे खरंच साफ होतं का हे तपासायची पद्धतही भारी आहे. मुद्दाम फ्लेक्समध्ये टोल्युइन, क्लोरोफॉर्म असली घाण मुरवायची, मग सगळ्या यंत्रातनं काढायची आणि शेवटी किती उरली ते मोजायचं. अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचं, माप असं की माणसाच्या रोजच्या आहारात त्यातलं अब्जात अर्ध्या भागापेक्षा जास्त उतरता कामा नये. युरोपात तर कच्चा माल आत घेतानाच अट, त्यातला ९५ टक्के मूळचा खाण्यापिण्याच्याच पॅकिंगचा पाहिजे. आपल्याकडं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या नियमात रिसायकल प्लास्टिक अन्नाला चालतच नव्हतं, नंतर ते अटींसह खुलं केलं. म्हणजे परवानगी असलेल्या प्लँटमधनं नीट काढलेला दाणा असेल तर आईच्या शंकेला उत्तर आहे: उष्टं नाही. पण गल्लीतल्या शेडमध्ये दळून, साध्या पाण्यात खंगाळून केलेला दाणा आणि हा दाणा दिसायला सारखेच असतात. शेडमधल्या दाण्याची बादली करा, खुर्ची करा, दोरी करा, खाण्याचा डबा करू नका.

## मग सगळ्या बाटल्यांच्या बाटल्याच का नाही होत?

कारण शर्ट करणं सोपं आहे. धाग्याला आखूड शेवई चालते हे वर सांगितलं, त्यामुळं ती शेवटची महागडी पायरी लागतच नाही. फ्लेक्स वितळवायचे, चाळणीतनं ओढायचे, झाला धागा. उशीतला, रजईतला पांढरा फायबर कापूस बऱ्याचदा हाच. २०१५ च्या वर्ल्डकपला आपल्या क्रिकेट टीमचे कपडे जुन्या बाटल्यांच्या धाग्याचे होते, आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधान संसदेत जे निळं जाकीट घालून आले होते तेही.

बातमीला हे छान दिसतं. मला मात्र यात थोडी फसगत वाटते. बाटलीची बाटली झाली तर ती परत भंगारात येते, परत बाटली होते. बाटलीचा शर्ट झाला की तो कापसाच्या धाग्याबरोबर विणलेला, रंगवलेला, त्याला बटणं, त्याचं पुढं पायपुसणं होतं आणि मग कचरा. उसाचा गूळ होतो, गुळाचा ऊस होत नाही. म्हणून ३० टक्के, ६० टक्के हे जे नियम आलेत ते बाटलीला बाटलीकडंच ओढून आणायला आलेत असं समजा.

बाटलीची बाटली तरी किती वेळा? ठरलेला आकडा नाही. दर वेळी वितळताना साखळ्या तुटतात, त्या जोडता येतात, पण रंग हळूहळू पिवळसर-करडा होत जातो आणि तो परत येत नाही. म्हणून नवा दाणा मिसळतात, जुन्या विरजणात ताजं दूध घातल्यासारखं.

साखळ्या पूर्ण उसवून परत पीटीए आणि ग्लायकॉल वेगळं काढायचाही मार्ग आहे, म्हणजे शेवयांचं परत पीठ. रंगाचा, वासाचा प्रश्नच मिटतो, पण खर्च येतो. २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना बाटल्यांच्या कचऱ्यात पेट खाणारा एक जिवाणू सापडला होता, त्याच्या पाचक रसासारखं काहीतरी वापरून हेच काम करायचे प्रयत्न चालू आहेत.

## उन्हातली बाटली, बीपीए आणि बाकी भीती

बीपीए हे काही प्लास्टिक बनवायला लागणारं एक रसायन, बाटलीतनं पाण्यात उतरतं म्हणून लोक घाबरतात ते. पण ते पेटमध्ये नसतं. ते पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, म्हणजे लग्नाच्या मांडवात येणारे ते २० लिटरचे कडक निळे जार जुन्या पद्धतीचे असतील तर त्यात, तळाला ७. भीती चुकीच्या बाटलीची बाळगतोय आपण. आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची सुरक्षित मात्रा आधीपेक्षा वीस हजार पट खाली आणली, त्यामुळं जारची भीती अगदीच पोकळ नाही.

पेटमध्ये असतं ते अँटिमनी, दाणा बनवताना रिॲक्शन घडवायला वापरतात त्याचा अंश. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम. घरात सावलीत ठेवलेल्या बाटलीत ते याच्या खूप खाली असतं. पण ६०-७० अंशाच्या वर बाटली तापत राहिली तर ते भराभर उतरतं, आणि एप्रिलमध्ये जतच्या रस्त्यावर काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर हात ठेवून बघा किती तापतं ते. तापलेल्या बाटलीतल्या पाण्याला जो गोडसर प्लास्टिकी वास येतो तो मात्र अॅसिटाल्डिहाइडचा, पिकलेल्या फळातही ते असतं, मात्रा बारीक असते पण चव बिघडते.

सूक्ष्म प्लास्टिकचं खरं आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठानं जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाणी तपासलं तर लिटरला सरासरी दोन लाख चाळीस हजार कण निघाले, त्यातले नव्वद टक्के अतिसूक्ष्म. पण त्यात बाटलीच्या पेटपेक्षा नायलॉनच्या जातीचे कण जास्त होते आणि ते बहुधा पाणी गाळायच्या पडद्यातनं आलेले. म्हणजे "शुद्ध" करतानाच पडले! ते नव्या बाटलीतही असतात, ते टाळायचं असेल तर नवी-जुनी बाटली हा प्रश्नच नाही, बाटली हाच प्रश्न आहे.

## मग काचेची का नको?

गोटीसोडा प्यायलेल्या पिढीला हा प्रश्न पडतोच. ती गोटीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ ला काढली आणि आपल्याकडं ती पिढ्यान्‌पिढ्या फिरली, धुवा भरा, धुवा भरा. दहा-वीस किलोमीटरच्या परिघात, रिकामी परत आणणारा सायकलवाला असेल तर काचेला तोड नाही. पण लिटरच्या पेटच्या बाटलीत प्लास्टिक वीस ग्रॅमच्या आसपास, काचेला अर्धा किलो. हजार बाटल्या म्हणजे २० किलो विरुद्ध ५०० किलो, नुसती बाटली, पाणी सोडून. मुंबईहून सांगलीला हे नेआण करायचं तर डिझेल कुठून आणायचं.

काचेकडनं शिकण्यासारखं एक मात्र आहे, डिपॉझिट. महाराष्ट्रानं २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर परत घ्यायची किंमत छापायला सांगितली होती, तुम्ही कधी दुकानात बाटली देऊन रुपया परत घेतलाय का? मी नाही. जर्मनीत २००३ पासून बाटलीमागं २५ सेंट आधी कापून घेतात आणि बाटली दिली की परत देतात, तिथं जवळजवळ सगळ्याच परत येतात, आणि चिखलात न लोळता. चिखलाचं मी २०१९ च्या पुरात बघितलंय. मदतीचं पाणी बाटल्यांतनंच आलं, जीव वाचले, आणि पाणी उतरल्यावर कृष्णाकाठच्या बाभळींना त्याच बाटल्या लटकल्या होत्या, गाळानं भरलेल्या. तो माल कुणी घेत नाही. धुवायचा खर्च मालापेक्षा जास्त.

## मळीपासूनचं प्लास्टिक

शेवटचा प्रश्न साखरपट्ट्यातला माणूस विचारणारच. बाटली उसापासून होते म्हणे? होते, थोडी. पेटमधलं ग्लायकॉल वजनानं साधारण ३० टक्के, ते मळीच्या अल्कोहोलपासून करता येतं आणि आपल्या देशात उत्तराखंडमध्ये काशीपूरला तसं करतातही. पण झालं तरी ते पेटच. जमिनीत पुरलं तर कुजत नाही, ऊस असला म्हणून काय झालं.

हे सगळं मी आईला दोन-तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. शेवयांचं पटलं, व्हॅक्युमचं अर्धवट पटलं. परवा भंगारवाला दारात आला तेव्हा तिनं साठवलेल्या बाटल्यांचं पोतं काढून दिलं. तो पायरीवर बसून एक-एक बाटली काढायचा, झाकण उघडायचा, नाकाला लावायचा आणि पोत्यात टाकायचा. चौथी की पाचवी बाटली नाकाला लावली आणि बाजूला ठेवली.

"मावशी, ह्यात फिनेल ठिवलं व्हतं का?"

आई माझ्याकडं न बघता ती बाटली उचलून परत मोरीत घेऊन गेली.